फोनवर विचारलेला तूरडाळीचा भाव

रिटायर झाल्यावर महागाईवर भाषणं बरीच दिली. हा प्रसंग दरवेळी गाळला. आज लिहून टाकतो.

मी तेव्हा सरकारी आकडेवारी खात्यात भावांचे फॉर्म तपासायचो. एके दिवशी माझ्या टेबलावर कदमबाईंचा फॉर्म होता. त्या आमच्या कंत्राटी प्राइस कलेक्टर. दरमहा ठरलेल्या दुकानांत जाऊन ठरलेल्या वस्तूंचे भाव लिहून आणायचे, हे त्यांचं काम. त्यावरून महागाईचा आकडा निघतो. आपल्याकडे घरखर्चाचा मोठा भाग खाण्यावर जातो. त्यामुळे पाऊस लांबला, डिझेल वाढलं, की आकडा उडतो; नवं पीक आलं की खाली बसतो.

विश्रांतवाडीच्या दुकानात तूरडाळ महिन्यात जवळजवळ दीडपट झालेली.

"बाई, ही डाळ आहे की केशर?"

"साहेब, मी तिथे उभी होते. गिऱ्हाईक त्या भावाने डाळ नेताना पाहिलं."

"बाकी दुकानांत एवढी नाही वाढली."

"तिथे जुना माल आहे. संपला की तिथेही वाढेल."

मी दुकानदाराला फोन लावला. ऑफिसचं नाव सांगितलं. तो घाईघाईने म्हणाला, "नाही हो साहेब, जुनाच भाव! आम्ही काही वाढवलं नाही."

सरकारी फोन म्हणजे साठ्याची तपासणी, असं वाटून तो घाबरला होता. हे मला कळायला हवं होतं. फोनवर भाव विचारायचा नाही, हा नियम ट्रेनिंगमध्ये मीच शिकवायचो.

मी बाईंचा आकडा खोडून मागच्या महिन्याचा लिहिला. त्यांच्या कंत्राटाच्या रिन्यूअलच्या कागदावर शेरा मारला, 'आकडे विश्वासार्ह नाहीत.' कंत्राट तिथेच संपलं. घरात कमावत्या त्या एकट्याच, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात सगळ्याच दुकानांत डाळ भडकली.

"तूरडाळ एकदम एवढी?" वरिष्ठांनी विचारलं.

"मार्केट आहे, सर."

त्या चढणीतली एक पायरी मीच पुसली होती, हे बोललो नाही. शेराही मागे घेतला नाही. भाव मोजणाऱ्याने खुर्चीतून उठावं, एवढाच यातला धडा. मला तो उशिरा कळला.

गेल्या वर्षी त्याच दुकानासमोर कदमबाई भेटल्या. केस पांढरे झालेले. मी म्हणालो, "बाई, तुमच्या कागदावरचा तो शेरा..."

त्यांनी विचारलं, "साहेब, डाळ घ्यायला आलात? इथे महाग आहे. पुढच्या चौकात बघा."

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणालो, आणि पुढच्या चौकाकडे चालू लागलो.