ऐकून बघा, नको असेल तर परत पाठवा

माझे मिस्टर गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या फोनवर एक ऑर्डर आली. सोलापूरच्या कुणाला तरी सनईची एक एलपी रेकॉर्ड हवी होती. फोन चार्जिंगला लावलेलाच होता, कारण तो बंद करायचा की चालू ठेवायचा हे मी ठरवलं नव्हतं. मी कपाटातून ती एलपी काढली, हे बांधायचे तशीच बांधली आणि शाळेत जाताना पोस्टात देऊन आले. दुःख विसरावं वगैरे मनात काही नव्हतं. ऑर्डर आली होती, एवढंच.

हे जुन्या रेकॉर्ड पोस्टाने विकायचे. त्याआधी रत्नागिरीत बाजारपेठेत त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. लोक दुरुस्त करून घेईनासे झाले तसं दुकान बंद झालं आणि आवड होती तोच धंदा झाला. एसटीने ते बुरोंडी, मुरुडपर्यंत जायचे. त्या बाजूला आखातात राहून आलेल्यांच्या घरी माळ्यावर रेकॉर्डचे खोके पडलेले असायचे. मस्कतहून, कुवेतहून हौसेनं आणलेले, नंतर कुणी न वाजवलेले. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते. हे त्या धुवायचे, सावलीत सुकवायचे, वाजवून ऐकायचे आणि चिठ्ठीवर दर्जा लिहायचे. उत्तम, चांगली किंवा बरी. मग फोटो काढायचे. बांधायला आंब्याच्या पेट्यांचा पुठ्ठा. पार्सलला हापूसचा वास येतो असं गिऱ्हाइकं कळवायची, आणि हे मला ते वाचून दाखवायचे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी जाते, संध्याकाळी येते. त्यांची ऐकण्याची वेळ ती माझी शाळेची वेळ. गाण्यातलं मला फारसं कळत नाही. पार्सल पोस्टात देणं आणि पावती जपून ठेवणं एवढाच माझा त्या धंद्याशी संबंध होता.

ते गेल्यावर कपाटात दर्जाच्या चिठ्ठ्या लावलेल्या पुष्कळ रेकॉर्ड तयार होत्या. ऑर्डर यायच्या, मी पाठवायचे. एकही वाजवून बघितली नाही. मुंबईला असलेले माझे धाकटे दीर ऑनलाइन पानाचं बघायचे. शाळेतल्या बाया म्हणायच्या, बाई किती धीराच्या. धीर नव्हता तो. दाढ काढताना इंजेक्शन दिलेला गाल असतो, तशी मी होते. चहा गरम आहे का थंड, हे पिऊन झाल्यावर विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये नाशिकच्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. हा माणूस इंजिनियर होता. त्याने ख्यालगायनाची एक दुर्मिळ एलपी घेतली होती. चिठ्ठीवर 'उत्तम' लिहिलेलं. त्याचं म्हणणं, सुरुवातीच्या आलापात तानपुऱ्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते, ही उत्तम नाही, बरीसुद्धा नाही. पैसे परत करा. दिरांनी मला न विचारता परस्पर उत्तर दिलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, तुमच्या मशीनची सुई तपासा. मग त्या माणसाने संग्राहकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'रत्नागिरीहून घेऊ नका. लिहितात एक, पाठवतात दुसरं.'

मी कोळंबी सोलत होते. हात ओले, म्हणून बोटाच्या पेरानं स्क्रीन सरकवत वाचलं. खाली पाच-सहा जणांनी त्याला दुजोरा दिला होता. यांच्या नावाला कुणी तरी काही तरी बोललं आहे, हे मला समजलं. राग मात्र आला नाही. कोळंबीला हळद-मीठ लावून ठेवलं आणि दिरांना फोन केला.

"वहिनी, तुम्ही लक्ष देऊ नका," ते म्हणाले. "लोक रेकॉर्ड कॉपी करून घेतात आणि मग पैसे मागतात. गेल्या महिन्यात नाही का एकाने आपली चांगली ठेवून घेतली आणि दुसरीच तुटकी परत पाठवली?"

ते खरं होतं. तसं झालं होतं आणि आम्ही गप्प बसलो होतो.

"पण भाऊजी, हे काय करायचे अशा वेळी?"

"दादाचं सोडा. दादा आधी परत मागवायचा, ऐकायचा आणि मग बोलायचा. त्यात पोस्टेजचा भुर्दंड."

"मग तसंच करू," मी म्हटलं. यांची पद्धत चांगली होती की वाईट, याचा मी विचार केला नाही. माझ्याकडे दुसरी पद्धत नव्हती.

नाशिकला मीच फोन लावला. तो माणूस भांडायच्या तयारीतच होता.

"मला वाद घालायचा नाही," मी म्हटलं. "रेकॉर्ड तुमच्याकडे आहे, इथे बसून तुम्हाला खोटं ठरवायला मी ती ऐकलेली नाही. परत पाठवा. पोस्टाचा खर्च माझा. आमच्याकडे फोटो आहे, तीच रेकॉर्ड असेल आणि खरखर असेल, तर सगळे पैसे परत."

"आणि तुम्हाला ऐकू आली नाही तर?"

"तर तसंही सांगेन."

"पूर्वी एक गृहस्थ बोलायचे," तो म्हणाला.

"ते वारले."

"अच्छा," तो म्हणाला. पाठवतो असं म्हणून त्याने फोन ठेवला.

पार्सल आलं तेव्हा शाळेला सुट्टी लागली होती. रेकॉर्डवर मधल्या कागदी लेबलच्या बाहेर, गुळगुळीत पट्टीवर बारीक अक्षरात एक नंबर कोरलेला असतो. हे त्याचा फोटो काढून ठेवायचे. मी चष्मा लावून नंबर ताडून पाहिला. तीच होती. मग मागच्या खोलीत गेले, मशीनवरचा कपडा काढला आणि रेकॉर्ड लावली.

मशीन एवढ्या जोरात किंचाळलं की माझा हात सुईवरून उडाला. आवाजाचं बटण जवळजवळ शेवटापर्यंत फिरवलेलं होतं. बारीक, टोकदार आवाज वाढवायचं वेगळं बटण असतं, तेही पार उजवीकडे. मला वाटलं, दिवसकार्याला आलेल्या कुणी तरी पोरांनी फिरवलं असेल.

शेजारच्या काकी दोन घरांमधल्या गडग्यापाशी आल्या. सत्तरीच्या आहेत. आम्ही इथे राहायला आल्यापासून त्या मला एकेरीत बोलतात.

"काय गो, मशीन लावलंस?"

"हो काकी. बटणं कुणी तरी फिरवून ठेवलीत. कान फाटले माझे."

"कुणी कशाला फिरवतंय? तो असंच लावायचा. गेली दोन-तीन वर्षं तर फारच. आम्हाला आमच्या घरात बोललेलं ऐकू यायचं नाही. पण माणूस चांगला, कोण सांगणार त्याला? तू यायच्या आत बंद करायचा."

मी आत आले. दोन्ही बटणं मध्यावर आणली आणि पुन्हा सुई टेकवली. सुकट तव्यावर टाकल्यावर जसा बारीक तडतडाट होतो, तसा तो आवाज होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. गाणारी बाई त्याच्या पलीकडे कुठे तरी होती. मी रेकॉर्ड धुतली, सुकवली, परत लावली. फरक नाही. बुरशीने खाचा खाल्ल्या होत्या. गाण्यातलं काही न कळणाऱ्या मलाही ते ऐकू येत होतं.

मग मी कपाटातली 'उत्तम'ची दुसरी काढली. तिसरी काढली. संध्याकाळपर्यंत मी एकामागून एक लावत होते. ज्यांवर जुन्या चिठ्ठ्या होत्या, त्या रेकॉर्डचा दर्जा बरोबर होता. अलीकडच्या अक्षरातल्या, म्हणजे हात थोडा कापायला लागल्यानंतरच्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवण्यासारखं काही नव्हतं. काही खरंच उत्तम होत्या, काही नुसता तडतडाट.

यांना ऐकू येत नव्हतं.

हे वाक्य मी मनात म्हटलं आणि खुर्चीवर बसून राहिले. शेवटची तीन वर्षं आमची भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची. मी म्हणायचे, तुमचं माझ्याकडे लक्ष नसतं. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं की ते 'हो' म्हणायचे, आणि 'हो' हे त्या प्रश्नाचं उत्तरच नसायचं. टीव्ही मोठा लावतात म्हणून मी दार लावून घ्यायचे. मग मी बोलणंच कमी केलं. त्यांनी कधी सांगितलं नाही. रेकॉर्ड ऐकून विकणाऱ्या माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल. मला कळत होतं की आत्ता मला रडू यायला हवं. मी वाट पाहिली. मग उठून मशीनवर कपडा घातला.

दुसऱ्या दिवशी नाशिकला पैसे पाठवले, पोस्टेजसकट, आणि कळवलं, 'तुमची तक्रार बरोबर आहे. दर्जा चुकीचा लिहिला गेला होता.' त्याचं उत्तर आलं, 'ठीक आहे.' ग्रुपवरचं त्याने काढलं नाही. खाली फक्त लिहिलं, 'पैसे मिळाले.' तेही बरोबरच होतं.

पण मग बाकीच्यांचं काय? गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी 'उत्तम' म्हणून घेतल्या आणि कुरकुर केली नाही, त्यांचं? मी दिरांना सगळं सांगितलं.

"दादाला ऐकू येत नव्हतं?" त्यांनी विचारलं. मग आवाज चढवला. "म्हणून तुम्ही आता सगळ्यांना कळवणार? गेलेल्या माणसाची बदनामी कशाला, वहिनी? ज्यांनी तक्रार केली नाही, त्यांना उकरून काढायचं?"

"कारण सांगत नाही मी. कान हा त्यांचा खाजगी प्रश्न होता. रेकॉर्ड तेवढी गिऱ्हाइकाची आहे."

फोनमध्ये सगळ्यांचे पत्ते होतेच. मी एकच मजकूर सगळ्यांना पाठवला. 'आमच्याकडून दर्जा लिहिण्यात चूक झालेली असू शकते. आपली रेकॉर्ड ऐकून बघा. नको असेल तर परत पाठवा, पैसे देऊ. ठेवायची असेल आणि खराब असेल, तर किमतीतला फरक देऊ.'

बहुतेकांनी कळवलं की राहू द्या. काही परत आल्या. त्या मी ऐकल्या आणि पैसे दिले. पुण्याच्या एकाने जी परत पाठवली, तिचा नंबर आमच्या फोटोशी जुळेना. मी त्याला फोटो पाठवून लिहिलं की ही आमची नाही, चुकून बदलली असेल तर पुन्हा बघा. तो हीच आहे म्हणून अडून बसला, मला नाही नाही ते बोलला. मी त्याची रेकॉर्ड नीट पुठ्ठ्यात बांधून त्याला परत पाठवली, पैसे दिले नाहीत. बाकीच्यांना पैसे देताना आणि याला नाकारताना, दोन्ही वेळा मला सारखंच वाटलं, म्हणजे काही वाटलं नाही. यांना मात्र अशा माणसाबरोबर बोलून झाल्यावर जेवण जात नसे.

मग सांगलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. वयस्कर आवाज.

"ताई, माझ्याकडे त्यांच्या बऱ्याच आहेत. चार-पाच तर खराबच आहेत. मला ठाऊक होतं."

"मग बोलला नाहीत?"

"त्यांना फोनवर मी बोललेलं ऐकू यायचं नाही. मी एक विचारायचो, ते वेगळंच सांगायचे. पण सांगायचे किती आनंदानं! कुठल्या गावात कुणाच्या माळ्यावर सापडली, घरच्यांनी जेवायला कसं थांबवून घेतलं. मग मी मेसेजच करायला लागलो. पैसे नकोत मला."

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"तुम्हाला नव्हतं?"

मी म्हटलं, नव्हतं. तो गृहस्थ अवघडला. मीच म्हटलं, फरक पाठवते, घ्यावा लागेल, आणि खातं विचारून घेतलं.

परत आलेल्या आणि कपाटातल्या सगळ्या रेकॉर्डच्या चिठ्ठ्या मला नव्याने लिहायच्या होत्या. लिहायला बसले आणि मनात आलं, माझे कान तरी धड आहेत, हे कोण सांगणार? मी पन्नाशी ओलांडलेली. वर्गात मुलांच्या कलकलाटात आयुष्य गेलेलं. म्हणून शाळा उघडायच्या आधी मी कान तपासणाऱ्याकडे गेले. त्याने मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाला. अगदी बारीक शिट्ट्या यायच्या, कुठून तरी लांबून. मी दाबत राहिले.

"बाई, कान उत्तम आहेत तुमचे," तो कागद बघून म्हणाला.

मी विचारलं, "ऐकू येणं कमी होतं, तेव्हा आधी काय जातं?"

"बहुतेकांचं बारीक, वरच्या पट्टीतलं आधी जातं. पक्ष्यांचे आवाज. लहान मुलांचे. बायकांचे. पुरुषाचा जाड आवाज कळतो, बायकोचं बोलणं नीट कळत नाही. घरात त्यावरून भांडणं होतात." तो हसला. रोज सांगत असावा. "कुणासाठी विचारताय?"

"घरी होते," मी म्हटलं.

फी देऊन मी बाहेर आले. रस्त्यात मासेवाली टोपली उतरवून बसली होती. तिने बारीक, चढ्या आवाजात हाक मारली, "बाई, बांगडे बघा, ताजे आहेत." मी थांबले. तिने भाव किती सांगितला ते मला स्पष्ट ऐकू आलं, तरी मी तिला पुन्हा सांगायला लावलं.