थरथरता चहा
कपातल्या चहावर बारीक वलयं उठली की मला इचलकरंजीतला तो यंत्रमागांचा कारखाना आठवतो. मी दुरुस्तीला गेलो तेव्हा तिथल्या कॉम्प्युटरच्या दोन हार्ड डिस्क गेल्या होत्या आणि साड्यांची सगळी डिझाइनं असलेली तिसरीही एरर देत होती. “नवी घाला की पावणं!” खटखटाटातून मालक ओरडले. “कारण सापडल्याबिगर न्हाय,” मी म्हणालो. केबल बदलली, वीज तपासली, उपयोग शून्य. तेवढ्यात टेबलावरचा चहा थरथरताना दिसला. मी हट्टानं सगळे माग बंद करायला लावले. चहा स्थिर झाला, एररही थांबल्या. “मागांनी टेबल हालतंय,” मी म्हणालो. माग पुन्हा सुरू करून मालकांनी टेबलावर तळवा ठेवला. “कुठं हालतंय?” चाळीस वर्षांत त्यांना ती थरथर जाणवेनाशी झाली होती. त्यानंतर मीही कितीतरी वर्षं अशाच कारखान्यांच्या खटखटाटात कॉम्प्युटर दुरुस्त करत आलो. परवा चहा देताना बायको म्हणाली, “हल्ली सारखं ओरडूनच बोलताय.” “कुठं ओरडतोय?” मी ओरडलो.