उदाहरण नाही

"मॅडम, आधी फळा पुसा."

प्राचार्य दारातच उभे होते. त्यांच्या मागे संस्थेचे अध्यक्ष आणि अध्यक्षांच्या मागे दोन पाहुणे. पाहुण्यांच्या खांद्यावर कोऱ्या शाली. आमच्या कॉलेजात पाहुण्याला आधी शाल मिळते, पाणी नंतर.

फळ्यावर मी दोनच शब्द लिहिले होते. जात. आणि त्याखाली, उदाहरण. डस्टर सापडेना. अध्यक्ष, ज्यांना अख्खं जळगाव नाना म्हणतं, घड्याळाकडे बघत होते. मी तळहाताने फळा पुसला. मग त्याच पांढऱ्या हातांनी पाहुण्यांना नमस्कार केला. सगळा वर्ग बघत होता.

तिसऱ्या बाकावर रमिला उभी होती. तिचं वाक्य अर्धं राहिलं होतं. मीच तिला उभं केलं होतं, मीच म्हटलं होतं की पुस्तकातलं नको, तुझं सांग. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला तिचा पाडा आहे. पावरा समाजाची मुलगी. पहिलं वर्षभर ती हजेरीलासुद्धा मान हलवायची, तोंड उघडायची नाही. त्या दिवशी पहिल्यांदा बोलत होती.

"बस खाली," मी म्हणाले.

फळा पुसा, हे वाक्य प्राचार्यांचं. बस खाली, हे माझं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती काय सांगत होती ते आधी सांगते. आमच्या मुलींच्या वसतिगृहात रविवारी स्वयंपाकी नसतो. मुलींनीच स्वयंपाक करायचा. संस्कार म्हणून. मुलांच्या वसतिगृहात रविवारीही स्वयंपाकी असतो, त्यांचे संस्कार बहुधा जन्मतः झालेले असतात. मुलींच्या पाळ्या रेक्टर मॅडम लावतात. कुणी भाजी, कुणी पोळ्या. ज्या मुलीची मासिक पाळी असेल तिने चुलीकडे यायचं नाही, त्यामुळे कुणाची आहे ते सगळ्या जेवणघराला कळतं. आणि रमिलाच्या वाट्याला प्रत्येक रविवारी भांडी. कणकेला तिचा हात कधी लागला नाही. तिने विचारलं तर रेक्टर मॅडम हसून म्हणाल्या, "अगं, तुला कशाला त्रास?"

इतकं तिचं सांगून झालं होतं. पुढचं वाक्य मी बसवलं.

त्याआधी दोन दिवस परिपत्रक आलं होतं. त्याच्याही आधी, दिवाळीच्या सुटीनंतर, मी स्टाफरूममध्ये पेपरात वाचलं होतं की अमेरिकेतल्या काही राज्यांनी कायदे केलेत. सरकारी विद्यापीठांत वंशाबद्दल आणि स्त्री-पुरुष भेदाबद्दल काय शिकवायचं नाही, कसली प्रशिक्षणं घ्यायची नाहीत, ते कायद्यानेच ठरवायचं. आपल्या वंशामुळे कुणाला अपराधी वाटेल असं शिकवू नये, असंही त्यात कुठेतरी होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसले.

"हसू नका," पाटील सर म्हणाले. ते इतिहास शिकवतात, स्टाफरूममधले माझे एकमेव मित्र. "अमेरिकेत पिझ्झा निघाला, तो भुसावळला पोचलाच ना?"

आमचं परिपत्रक कायदा वगैरे नव्हतं. ते एका संस्थेचं, आपल्या वजनाला साजेसं. पण भाषा भारदस्त. कोणत्याही विद्यार्थ्यास त्याच्या जन्मामुळे अपराधी वाटेल अथवा समाजात कटुता निर्माण होईल असे अध्यापन वा प्रशिक्षण होऊ नये. अभ्यासक्रमात जात आणि लिंगभाव हे घटक आहेत, ते काढणं संस्थेच्या हातात नाही. म्हणून तोडगा निघाला. प्राचार्यांनी तो मला केबिनमध्ये समजावला.

"व्याख्या शिकवा मॅडम. उदाहरण नको."

"समाजशास्त्र उदाहरणाशिवाय कसं शिकवायचं, सर?"

"गणितवाले शिकवतातच की."

गणितवाले तर उदाहरणांशिवाय दुसरं काहीच शिकवत नाहीत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी तासिका तत्त्वावरची. तास घेतला तर पगार, आणि दर जूनला नव्याने मुलाखत. आधी धुळ्याला असेच उन्हाळे मोजत बसले, आता इथे. प्राचार्य पुढे म्हणाले, "जूनमध्ये तुमचं नाव मलाच पुढे न्यायचंय." इतक्या मायेने म्हणाले की धमकी वाटलीच नाही. मुलींसाठी दरवर्षी लिंगभावावर कार्यशाळा व्हायची, तिचं नाव त्याच आठवड्यात बदललं. व्यक्तिमत्त्व विकास. त्यात आता साडी कशी नेसावी ते शिकवतात.

तरी मी वर्गात ते दोन शब्द लिहिले होते. वाटलं, परिपत्रकं येतात आणि फायलीत म्हातारी होतात. मग दारात नाना उभे राहिले, आणि मला कळलं की माझं धाडस दार लोटलेलं असेपर्यंतच आहे.

त्यानंतर मी नीट शिकवायला लागले. जात म्हणजे जन्माधिष्ठित, बंदिस्त स्तरीकरण. लिहून घ्या. पितृसत्ता म्हणजे. लिहून घ्या. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, उदाहरण?"

"उदाहरण नाही."

मुलं लिहीत राहिली. एकाने तर तेही लिहून घेतलं. मी, बोदवडजवळच्या गावाच्या ज्या टोकाला माझं घर आहे त्या टोकाची, माझं आडनाव ऐकल्यावर घरमालकांची खोली अचानक भाड्याने द्यायची राहत नाही अशी मी, फळ्यासमोर उभी राहून म्हणत होते की उदाहरण नाही. रमिला माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखाद्या दुकानावर कुलूप दिसल्यावर माणूस बघतो तशी.

परिपत्रक निघालं होतं ते कुणाला अपराधी वाटू नये म्हणून. त्या वर्गात अपराधी वाटणारी मी एकटीच होते.

मग एक दिवस ती जिन्यात भेटली.

"मॅडम, मला रूम सोडायला सांगितलीय."

"का?"

"वर्गात वसतिगृहाची बदनामी केली म्हणून. नाहीतर या रविवारनंतरच्या रविवारी सगळ्या मुलींसमोर माफी मागायची. तुम्ही वसतिगृहाच्या समितीसमोर सांगाल का, की तुम्हीच मला बोलायला लावलं होतं?"

जून डोळ्यांपुढे.

ती म्हणाली, "रेक्टर मॅडम म्हणतात, तुझ्या मॅडमलाही ते पटलं नाही, म्हणून तर त्यांनी तुला बसवलं."

माझं वाक्य मी विसरले असते. त्यांनी जपून ठेवलं होतं, वापरायला.

"बघते," मी म्हणाले. हा शब्द आमच्या कॉलेजात नकारासाठी वापरतात. तिलाही ते माहीत होतं. "रूम गेली तर मी घरी जाते मॅडम," एवढंच म्हणाली. घरी म्हणजे पाड्यावर. तिथून कॉलेज होत नाही.

माफीच्या आधीच्या रविवारी भरीत पार्टी होती. हिवाळ्यात खानदेशात माणूस ओळखावा तो भरिताच्या पार्टीत. नानांचं शेत नशिराबादकडे. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजायची, मग सगळ्यांनी गोल बसून ती सोलायची, लाकडी काठवटीत ठेचायची. प्राचार्यही बाह्या वर करून बसतात. नाना म्हणतात, इथे लहान-मोठं कुणी नाही, आपण सगळे एक कुटुंब. ते दरवर्षी म्हणतात, आणि दरवर्षी टाळ्या पडतात.

आणि दरवर्षी मी वांग्यांकडे सरकले की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तुम्ही बसा हो. तुम्हाला कशाला त्रास?"

मला खुर्ची देतात. चहा देतात. किती मान, असं मला वाटायचं. घरी आईला फोनवर सांगितलंही होतं. आई म्हणाली, "तुला वांगं सोलता येतं, हे त्यांना माहीत नसेल." तिने दिलेली पळवाट मी इतकी वर्षं वापरली.

त्या दिवशी खुर्ची पुढे करणाऱ्या रेक्टर मॅडमच होत्या. "या ना, बसा. तुम्हाला कशाला त्रास?"

तेच वाक्य. शब्दाला शब्द. रमिलाला भांड्यांकडे पाठवणारं वाक्य आणि मला खुर्चीवर बसवणारं वाक्य एकच होतं. तिने ते एका वर्षात ओळखलं. मी शिकवणारी, मी त्यावर आईला फोन केला.

मी खुर्चीवरून उठले. गोलात पाटील सरांशेजारी जागा होती, तिथे मांडी घालून बसले. वांगी भाजणारी शेतावरची अक्का म्हणाली, "ताई, वांगं गरम शे."

"असू दे."

मी सोललं. बोटं भाजली. काळी साल बाजूला केली आणि वांगं काठवटीत टाकलं, सगळ्यांच्या वांग्यांवर. मग दुसरं. मग तिसरं. गप्पा हळूहळू बंद झाल्या. कुणी मला उठा म्हणालं नाही. परिपत्रकात बसेल असं वाक्य कुणालाच सुचलं नसावं. ठेचायचं मुसळही मीच घेतलं. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वरून तेल. आईसारखं जमलं नाही, पण वास तोच होता.

ताटं वाढली. प्राचार्य म्हणाले, "मला आज ॲसिडिटी आहे." रेक्टर मॅडमचा उपास निघाला, मात्र पुऱ्या त्यांनी खाल्ल्या. कुणी शेवभाजीवर भागवलं, कुणी दह्यावर. पाटील सरांनी भरीत वाढून घेतलं, माझ्याकडे पाहून हसले, आणि जेवण संपेपर्यंत ते ताटाच्या एका कडेला सारत राहिले. मी त्यांच्यावर चिडू शकले नाही. तशी कडेला सरकवण्याची सवय माझ्या अंगातही होती. मी माणूस सरकवलं होतं.

मी एकटी जेवले. पोटभर.

"नाना," काठवट तशीच भरलेली बघून अक्काने विचारलं, "भरीत बठ्ठं पडेल शे. काय करू?"

"गुरांपुढे टाक," नाना म्हणाले. "अन्न वाया जायला नको."

मी हात धुतला आणि म्हणाले, "सर, तुम्ही उदाहरण नको म्हणाला होतात. हे बघा, आलं."

"मॅडम, पार्टीत तास घेऊ नका," प्राचार्य हसत म्हणाले. दोघं-तिघं हसले. नाना हसले नाहीत. त्यांना कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात समितीसमोर मी न बोलावता गेले. रमिला बाहेर बाकावर होती. मी सांगितलं, तिला बोलायला मीच उभं केलं. ती खरं बोलत होती. आणि तिला मी बसवलं ते ती खोटं बोलत होती म्हणून नाही, मी भ्याले म्हणून. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे शेवटचं वाक्य नोंदवायचं का?"

"तेच आधी नोंदवा."

रमिलाने माफी मागितली नाही. रूमचा निर्णय अजून व्हायचाय. समितीचं मला विचारून झालं, रेक्टर मॅडमना विचारायचं बाकी आहे, म्हणे. माझा मात्र झाला. प्राचार्य आता मला जिन्यात नमस्कार करतात, फार वाकून. जूनमध्ये माझं नाव कुणी पुढे नेणार नाही.

समितीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. फळ्यावर लिहिलं, जात. खाली लिहिलं, उदाहरण. दार उघडंच ठेवलं.

"रमिला, तुझं वाक्य राहिलं होतं," मी म्हणाले.

ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "मॅडम, आधी तुम्ही सांगा."

तिने मला माफ केलेलं नाही, हे मला कळलं. तिने ते करावं असं मी म्हणणारही नाही. मी आडनावापासून सुरुवात केली. गाव सांगितलं, खुर्ची सांगितली, भरीत सांगितलं. बस खाली, हेही सांगितलं. तळहाताने पुसलेला फळा सांगितला. तास संपला तरी कुणी उठलं नाही. व्हरांड्यात पावलं वाजली, दाराशी थांबली. मी मागे वळून पाहिलं नाही.

जूनपर्यंत माझे तास आहेत. प्रत्येक तासाला ते दोन शब्द फळ्यावर असतील. ज्याला पुसायचे असतील त्याने आत यावं, मुलांसमोर यावं आणि स्वतःच्या हाताने पुसावेत. माझा हात मिळणार नाही.