म्हशीनं नाकारलेलं सूप

माझा गाढवपणा ऐकायचा असेल तर चहा पुरता ओतून घ्या, कारण मी सांगायला हळू. मी एक वाक्य सुरू करतो आणि ते संपेपर्यंत आमची ही दोन कामं उरकून येते. पण हा गाढवपणा मात्र मी फार चपळाईनं केला. अर्ध्या मिनिटात.

पौषातली गोष्ट. आमच्या रत्नागिरीकडे थंडी ती काय, पहाटे अंगावर एक चादर जास्त. पण तेवढीसुद्धा हिच्या छातीत बसली. अकरा दिवस हॉस्पिटलात काढले. घरी आली ती पिसासारखी होऊन. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना भूकही घेऊन गेला. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. जिनं आयुष्यभर वाडीला जेवायला घातलं, तिला अन्न नको झालं. मी समोर बसून बघायचो. दुसरं मला काय येत होतं?

मुंबईहून मुलगा आणि सून आली, दिनेश आणि प्राची. दोघं गुणाची. दिनेशनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पडवीत मला बाजूला घेतलं.

"बाबा, रविवारी आम्ही निघतो. तोपर्यंत आई जेवायला लागली तर ठीक. नाहीतर तिला डोंबिवलीला घेऊन जातो."

"आणि मी?"

"तुम्हीपण चला."

"कलमं मोहोरावर आलीत रे."

कलमं हे तोंडानं सांगायचं कारण. आंब्याची बारा झाडं, ती काय मी नसलो म्हणून मोहोर गिळून टाकणार आहेत? खरं कारण वेगळं. डोंबिवलीला मी एकदा आठ दिवस राहिलो होतो. चौथ्या मजल्यावर. आठही दिवस खिडकीत उभा. आणि हिला एकटीला पाठवावं, तर ह्या घरात तिच्याशिवाय मी कधी राहिलेलोच नाही, ते हॉस्पिटलचे अकरा दिवस सोडले तर. ते अकरा मला पुरे झाले होते.

"मी बघतो ना तिचं," मी म्हटलं.

"बाबा, तुम्हाला भातापलीकडे काय येतं?"

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे भात कुकरात होत नाही. टोपात भरपूर पाण्यात शिजवायचा. शिजला की टोपावर झाकण दाबून धरायचं, टोप वाकडा करायचा आणि वरचं पाणी, म्हणजे पेज, बालदीत सोडायची. ह्याला आम्ही भात वेळणं म्हणतो. ही शेतावर असायची, म्हणून भात शिजवणं आणि वेळणं हे घरातलं माझं काम. चाळीस वर्षं केलं. एक शीत कधी बाहेर सांडलं नाही. शाळा माझी चौथीत संपली, पण ह्या कामात मला पदवी मिळायला हरकत नव्हती. बालदीतली पेज शेजारच्या सुलोचना वहिनी त्यांच्या म्हशीला नेतात. रोज दुपारी येतात, मागच्या दारातनं बालदी उचलतात, धुऊन परत ठेवतात.

आता पुढचं ऐका.

प्राची म्हणाली, आईंना गावठी कोंबडीचं सूप द्यायला हवं. थंडीत सगळ्यांनीच प्यावं, तब्येतीला चांगलं. मी लगेच म्हटलं, मी करतो. दिनेश हसला. मी म्हटलं, हसू नको, शनिवारी दुपारी आईला मी माझ्या हातचं सूप पाजतो आणि ती पिते. प्याली तर ती इथे राहणार. बोल.

"बरं," तो म्हणाला. "प्याली तर राहणार."

प्राचीनं मला कृती सांगितली. मसाला नाही, खोबरं नाही, तेल नाही. आलं, लसूण, मिरी, गाजर, मीठ. मंद आचेवर तीन तास. "आणि बाबा, हाडांचा सगळा कस पाण्यात उतरतो. पाणीच महत्त्वाचं." मी ते तीनदा म्हणून पाठ केलं.

शनिवारी सकाळी मागच्या पडवीतली चूल पेटवली. वरच्या वाडीतली कोंबडी आणली होती, साफ करून. टोपात पाणी, पाण्यात कोंबडी, आणि मी चुलीपुढे पाटावर.

काय सांगू, मी इतकी वर्षं कोंबडी खाल्ली, पण ती कायम वाटणाखाली. भाजलेलं खोबरं, कांदा, लाल मसाला. कोंबडीला स्वतःचा असा काही वास असतो, रंग असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तासाभरानं पाण्याला रंग यायला लागला. आधी तांदळाच्या धुवणासारखा, मग ताकासारखा, आणि दुसरा तास उलटला तेव्हा पाण्यावर बारीक बारीक सोनेरी टिकल्या. एक फुटायची, दोन एकत्र व्हायच्या. मी झाकण काढून नुसता बघत बसलो. अंगणात धान्य टिपत फिरणाऱ्या त्या एवढ्याशा जीवाच्या पोटात हे एवढं सगळं होतं, आणि आपण ते आयुष्यभर मसाल्यात बुडवलं. वासानं शेजारची मांजर आली, तीसुद्धा गप्प बसून राहिली. मनात म्हटलं, हे प्यायल्यावर माणूस उठणार नाही तर काय.

तीन तास झाले. सूप झालं.

आता ते अर्धं मिनिट.

टोपाखाली फडकं धरलं, टोप उतरवला. झाकण दाबलं. मागच्या दाराशी गेलो, टोप वाकडा केला आणि नीट, सावकाश, कोंबडीचा एकही तुकडा बाहेर पडू न देता, सगळं पाणी बालदीत सोडलं. मग टोप पुन्हा निखाऱ्यांवर ठेवला, झाकणावर दोन निखारे ठेवले, दम यायला. हात धुतले. तंबाखू मळली.

माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं म्हणाल, तर रविवार होता. दिनेश आणि प्राची गाडीत बसताहेत आणि ही माझ्या शेजारी उभी राहून हात हलवतेय. डोकं रविवारात होतं, हातांना कुणी विचारलंच नाही. त्यांना चुलीवरून उतरलेला टोप दिसला, त्यांनी वेळला.

तंबाखू झाली. ते सोनं पुन्हा एकदा बघावं म्हणून मी झाकण उचललं. आत कोंबडी बसलेली, कोरडी, पाय वर करून. आधी वाटलं, सूप आटलं. मग वाटलं, टोपाला भोक पडलं. टोप उचलून खालून बघितला. मग हळूहळू मान मागच्या दाराकडे वळली.

बालदी नव्हती.

मी धावलो. माझं धावणं म्हणजे काय असेल ते तुम्ही समजा. वहिनी गोठ्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"वहिनी, ती आजची पेज..."

"हां भाऊजी, ओतली घमेल्यात. बरी दाट व्हती."

"नाही, ती पेज मला..."

"वयनीस कसा हाय? जेवते काय थोडा?"

"जेवते. वहिनी, ती पेज परत..."

वहिनी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. वाडीत आजवर म्हशीची पेज परत मागायला कुणी आलं नसेल. त्यांचे डोळे मऊ झाले. त्या आत गेल्या आणि पदराखाली झाकून पिशवीत शेरभर तांदूळ घेऊन आल्या.

"कोणाक बोलूचा नाय," त्या हळूच म्हणाल्या. "हॉस्पिटलान माणूस धुवून निघतो, मी काय समजत नाय?"

मी तांदूळ घेऊन घरी आलो. काय करणार? नाही म्हणायला सुरुवात करेपर्यंत त्या धुणं घेऊन निघूनही गेल्या होत्या.

घरात प्राची वाट्या मांडत होती. "बाबा, झालं का?"

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

नवं पाणी उकळायला वेळ नव्हता. न्हाणीतल्या चुलीवर आंघोळीचा हंडा सकाळपासून तापत होता. त्यातलं पाणी कोंबडीवर ओतलं. मीठ टाकलं, मिरी टाकली, दोन उकळ्या काढल्या. रंग आला नाही. थोडी हळद टाकली. रंग आला.

चौघं बसलो. हिला भिंतीला उशी लावून बसवलं. मी वाट्या भरल्या.

प्राचीनं पहिला घोट घेतला. डोळे मिटले.

"बाबा, किती हलकं झालंय. जरासुद्धा तेलकट नाही."

"नाहीच," मी म्हटलं.

"आणि ती धुराची चव. शहरात ह्यासाठी लोक कुठल्या कुठे जेवायला जातात."

न्हाणीतल्या हंड्याचं एवढं कौतुक त्याच्या जन्मात झालं नसेल. दिनेशनं वाटी संपवली, दुसरी मागितली. "मानलं बाबा," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं. आई राहू दे इथेच."

जिंकलो होतो मी. पण खरं सांगतो, माझी वाटी मी तशीच खाली ठेवली. आंघोळीच्या पाण्यावर मी माझी बायको जिंकून ठेवत होतो, आणि खरं औषध म्हशीपुढे.

हिनं एक चमचा घेतला होता. तोंडात धरून ठेवला होता. गिळला, आणि माझ्याकडे बघितलं. चमचा खाली ठेवला. पन्नास वर्षांत तिनं माझ्याकडे असं तीनचारदाच बघितलंय, आणि दरवेळी मी काहीतरी हरवून आलेलो असायचो.

तेवढ्यात मागच्या दारातनं हाक आली.

"दिनेश, अरे जनावरांच्या डॉक्टरला फोन कर पटकन." सुलोचना वहिनी दारात. "माजी म्हस पेज पिईत नाय. जल्मात असा झाला नाय. नाक लावते नि फुसकारते, नि पाठ करून उभी ऱ्हाते."

"काय खाल्लं का तिनं भलतं?"

"काय नाय खाल्लान. तुमचीच पेज दिलंय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, कसला तांदूळ शिजवलात आज? वर तेल तरंगताहा. नि आलं हाय. नि मिरी."

"मिरी?" दिनेश म्हणाला.

"नि गाजराचा तुकडो."

प्राचीनं आपल्या वाटीत बघितलं. दिनेशनं टोपात बघितलं. मग तिघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी सांगायला सुरुवात केली, "त्याचं असं झालं..."

"वेळलात," ही म्हणाली.

मी मान हलवली.

"कोंबडी वेळलात. नि हे पाणी न्हाणीतलं."

मी पुन्हा मान हलवली.

आणि ती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग डोळ्यांतनं पाणी. महिन्याभरात तिच्या तोंडून हसू ऐकलं नव्हतं. प्राची घाबरून पाठ चोळायला लागली. ही तिला हातानं बाजूला करत म्हणाली, "थांब गो. म्हशीक कळला, नि ह्या घरात कोणाक कळला नाय."

दिनेश तोंड पुसत म्हणाला, "मी दोन वाट्या प्यालो, आई."

"म्हणून म्हटलं, बापाचा मुलगा." मग माझ्याकडे वळून, "ती कोंबडी आहे ना टोपात? आणा. नि नारळ फोडा. वहिनी, बसा, पळू नका."

ती भिंतीला धरून उठली. मी हात दिला. चुलीपर्यंत बारा पावलं होती, मी मोजली. पाटावर बसली आणि मला कामाला लावलं. कस गेलेली ती कोंबडी हाडांवरून काढायला लावली. नारळाचं दूध, ठेचलेली लसूण, दोन कोकमं. पाव तास झाला असेल. त्या फुकट गेलेल्या मांसाला तिनं पुन्हा जीव आणला. मी तीन तास चुलीपुढे बसून एक चमत्कार बघितला होता आणि तो ओतून दिला होता. हिनं बसल्या जागी, अशक्त हातानं, दुसरा करून दाखवला. मी नुसता बघत राहिलो. भाताच्या पदवीची मला फार लाज वाटली.

त्यात मऊ भात कालवून ती मूद आणि वर अर्धी मूद जेवली. वहिनींनीही चाखलं. माझ्या तांदळाच्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "ते तांदूळ असू देत हां." दिनेशनं त्याचाही खुलासा मागितला. तो मी आजवर पूर्ण करू शकलेलो नाही.

जेवण झाल्यावर दिनेश गंभीर झाला. "आई, आता मात्र तू चल. बाबांच्या भरवशावर तुला ठेवणं शक्य नाही."

मी पाटाकडे बघत बसलो.

"ते खरंच," ही म्हणाली. "पण मग ह्यांना कोणाच्या भरवशावर ठेवू? आज कोंबडी वेळली. उद्या चहा वेळतील नि पत्ती चघळत बसतील. माझं राहू दे. मी जेवते. तू आपला जा."

रविवारी ते दोघं निघाले. हिच्या गोळ्यांची यादी दिनेशनं आधी माझ्यासाठी लिहिली होती, मोठ्या अक्षरात. निघताना ती त्यानं माझ्या खिशातनं काढली आणि आईच्या हातात दिली. "आई, बाबांकडे लक्ष ठेव," म्हणाला. मी त्याची पिशवी उचलून गाडीपर्यंत नेली. तेवढं मला जमलं.

आता ती बरी आहे. पण दुपारी अजून पडून असते. मी चुलीकडे गेलो की खोलीतनं विचारते, "काय ठेवलंत?" भात म्हटलं की डोळे मिटून पडून राहते. दुसरं काही म्हटलं की उठून बसते, आणि थोड्या वेळानं भिंतीला धरून चुलीपर्यंत येते. डॉक्टर म्हणतात, दिवसातनं दोनदा तरी त्यांना चालवा.

टोपात भातच असतो. पण तिनं विचारलं की मी म्हणतो, "कोंबडी."