लांबच्या पाहुण्यांची बुंदी

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी कळंबहून बारामतीला एसटीनं कॉलेजला जात होते आणि त्याच काळात मी जगप्रसिद्ध झाले होते. कळंबमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं, बारामतीतही नव्हतं. पण जगाला माहीत होतं, अशी माझी पक्की खात्री होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भिगवण रोडला एक सायबर कॅफे निघाला होता. प्लायवूडचे खण, प्रत्येकाला पडदा, आणि दारात पाटी : चपला बाहेर काढाव्यात. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून आम्ही देवळात शिरल्यासारखे अनवाणी आत जायचो. तिथं मला कळलं की इंटरनेटवर फुकट एक पान मिळतं आणि त्यावर आपली रोजनिशी लिहिता येते. शेवटचा तास आणि परतीची एसटी यांच्यामधल्या वेळात मी लिहायला लागले. तेही इंग्रजीत, कारण जगाला मराठी येत नव्हतं.

सुरुवातीला मला एकच वाचक होती आणि तीही मीच तयार केलेली. परदेशातली, माझ्याच वयाची. मी तिला लांब सोनेरी केस दिले होते, पण मग उवांचा विचार करून ते खांद्यापर्यंत कापले. तिच्या खिडकीबाहेर कायम बर्फ पडायचा आणि ती चहात बिस्कीट बुडवत माझी वाट बघत बसायची. तिला बिचारीला आपल्याकडचं काहीच ठाऊक नसणार, म्हणून मी सगळं फोड करून सांगायचे. ऊस म्हणजे काय, कारखान्याच्या बैलगाडीमागं धावून कांडं कसं ओढायचं, गाडीवाल्यानं शिव्या दिल्या तर कुठल्या दिशेनं पळायचं. म्हैस म्हणजे काय यावर तर मी इतकं लिहिलं की ते वाचून तिला धार काढता आली असती. घरी आई रागावली की मी बारामतीला जाऊन तिच्याकडे गाऱ्हाणं घालायचे. ती नेहमी माझ्याच बाजूनं असायची. प्रत्येक दिवसाच्या शेवटी मी विचारायचे, तुमच्याकडं पाऊसपाणी कसं आहे? तिनं कधीच उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, लाजाळू आहे.

मग मी पानाच्या तळाशी एक आकडा बसवला. कुणीही पान उघडलं की तो एकानं वाढायचा. तो वाढायला लागला, आणि सावकाश नव्हे, भराभर. शनिवारी बघितलेला आकडा सोमवारी चांगलाच वर चढलेला असायचा. एवढी माणसं मनात कुठं बसवायची? मी त्यांना पंगतीत बसवलं, कारण गर्दीची दुसरी सोय मला माहीत नव्हती. एका बाजूला अमेरिका, समोर जपान, टोकाला आफ्रिका, आणि मधून वाढत चाललेली मी. कुणी अर्ध्यातून उठू नये म्हणून मी लिहिण्यात जरा मीठ-मसालाही घालायला लागले. चुलतभावाला चावलेला विंचू माझ्या रोजनिशीत नाग झाला.

बारावीची परीक्षा संपली आणि ताईचं लग्न ठरलं. आता पंगतीला न सांगून कसं चालेल? मी डिक्शनरी घेऊन अख्खी लग्नपत्रिका इंग्रजीत आणली, कुलदैवताच्या कृपेपासून सहकुटुंब-सहपरिवारापर्यंत. ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ हे काही केल्या इंग्रजीत जाईना, म्हणून लिहिलं की आला नाहीत तर आमची तुमची कट्टी. खाली रस्ता दिला : बारामतीला उतरा, वालचंदनगरची एसटी धरा, कळंबात कुणालाही विचारा. आमची म्हैस व्यायला झाली होती आणि वैरणीला तोंड लावत नव्हती, तेही लिहिलं. ती अडली तर काय करायचं, एवढं विचारून मी पान बंद केलं आणि एसटी गाठली. आकडा तेव्हा नऊशेला टेकला होता. नंतर लग्नाच्या गडबडीत बारामतीला जाणं झालंच नाही.

पुढं एके दिवशी आचारी शिधा लिहून घ्यायला आमच्या ओसरीवर आला. माझे वडील, म्हणजे तात्या, आणि थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, माणसं मोजत होते. भावकी, गाव, नवऱ्याकडची मंडळी. माझी माणसं त्यात कुठंच नव्हती. नवऱ्याकडची मंडळी बसलेली असताना बुंदी संपली, तर ताईला ते जन्मभर ऐकावं लागणार होतं.

“तात्या, मीपण थोडी माणसं बोलावल्यात.”

“मैत्रिणी व्हय? येऊ दे की.”

“नऊशे.”

आचाऱ्याची पेन्सिल थांबली. मी इंटरनेटपासून आफ्रिकेपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण तात्यांची काळजी वेगळीच होती.

“मुक्कामाला हायेत का जेवून जाणार?”

“माहीत नाही.”

“इचारायचं तरी! आता तू बोलावलंस म्हंजे आमीच बोलावलं. दारात आलेलं माणूस उपाशी जाऊन चालायचं न्हाय.”

आबांनी बोटांवर हिशेब मांडला. “गाव सगळं येतंय. पाव्हण्यातलं निम्मं येतंय. लांबचं म्हणशीला तर धा जणातलं एक. नव्वद धरा.”

“जपान लई लांब हाय,” तात्या म्हणाले.

“मग ऐंशी.”

आचाऱ्याचा एकच प्रश्न होता, “तिखट खात्यात का?” अखेर ऐंशी माणसांची बुंदी जादा पाडायची आणि फिक्की आमटी वेगळी करायची असं ठरलं. आबांनी शाळेची एक खोलीही झाडून घेतली.

लग्नाच्या दिवशी अक्षता टाकताना माझं लक्ष फाट्याकडं होतं. एसटी थांबायची, दोन-चार टोप्या उतरायच्या, एसटी जायची. नवऱ्याकडची मंडळी पोटभर जेवून उठली, बुंदी ढिगानं उरली, ताईची अब्रू राहिली. माझी मात्र गेली. “काय गं, जपान कुठवर आलं?” असं विचारून आत्या पुढं जायची. आबा तर प्रत्येकाला सांगत होते की भिगवणला गाडी चुकली असंल. मी हसत होते, पण मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. आपलं कुणी वाचतच नाही, ही शंका त्या मांडवात मला पहिल्यांदा आली.

शेवटची पंगत बसत होती तेवढ्यात मांडवाशी एक स्कूटर थांबली. सायबर कॅफेचा मालक, मागं त्याची बायको, पुढं उभं केलेलं पोर. नवीन कपडे, हातात अहेराचा खोका. मांडवात शिरायच्या आधी त्यानं सवयीनं चपला काढल्या.

“पत्ता बरोबर दिला हुता,” तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी आधी आकडाच विचारला. किती झाला?

“त्यो व्हय?” तो जरा ओशाळला. “आपली लाईन सारखी जाती. परत आली का बघायला मी तुझंच पान उघडतो. फोटो न्हाय, काय न्हाय, हलकं हाय, चटशिरी येतंय. सगळ्या कॉम्प्युटरवर, दिवसभर. त्यो आकडा माझाच असंल बघ.”

अमेरिका, जपान आणि आफ्रिका माझ्या पंगतीतून उष्ट्या हातानंच उठून गेले.

“पण उघडल्यावर नुसतं बघत कसं बसायचं?” तो पुढं म्हणाला. “वाचलं जातंयच की. आन् घरी गेलं की हिला सांगावं लागतंय, न्हायतर ही ताट वाढत न्हाय.”

त्याची बायको मी आधी कधी पाहिली नव्हती. तिनं माझं मनगट धरलं. “त्यो आकडा ऱ्हाऊ दे, पोरी. म्हशीचं काय झालं? पान तितंच थांबलंय. रोज इचारते ह्यांना, ह्ये म्हणत्यात पुढचं लिवलंच न्हाय. माझा जीव टांगणीला लागलाय.”

मी त्यांना पंगतीत बसवलं. तात्या बुंदीची बादली घेऊन आले.

“ह्ये कुठलं पाव्हणं?”

“माझे वाचक.”

“किती हायेत?”

“अडीच.”

तात्या हसले नाहीत. त्यांनी झारा बादलीत खोल घातला. “वाढतो. ऐंशी माणसांचं हाय.”

“बास, बास!” तिनं दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले, पण मान माझ्याकडंच होती. “सांग ना, पारडी झाली का रेडा?”

मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले. म्हैस म्हणजे काय, हे तिला सांगावं लागलं नाही.