तीन तासांचं विमान

हे मी बायकोपाशीसुद्धा बोललो नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच कळत नाही.

मस्कतहून मुंबईला यायला विमानाला किती वेळ लागतो? तीन तास. त्याहूनही थोडा कमीच. मला हे चांगलं ठाऊक आहे, कारण अंकुशला — माझ्या धाकट्या भावाला — पहिल्यांदा मस्कतला कामाला निघाला तेव्हा मुंबईला विमानतळावर सोडायला मीच गेलतो. मी नांदूरघाटला घरी टेकायच्या आतच त्याचा फोन आला, पोहोचलो, जेवलोही म्हणून. तेव्हा मी लई हसलो होतो.

आमच्याकडं बापाला अग्नी थोरला देतो, आईला धाकटा. मायनं अंथरूण धरलं तेव्हापासून तिची उस्तवार मी केली. न्हाऊ घालणं, भरवणं, घाण काढणं — सगळं. अन् ती आल्यागेल्याला काय सांगायची? "माझ्या अंकुशचा हात लागला की सुटले मी." मी तिथंच चादर बदलत असायचो. राग यायचा का? यायचा. लई यायचा.

माय दिवेलागणीला गेली. अंकुशला कळवलं. म्हणाला, रातच्या विमानानं निघतो, दुपारपर्यंत दारात येतो, दादा, तोवर माती करू नका.

सकाळी अंगणात भावकी जमली. नाना — आमचे सख्खे चुलते, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे — मला म्हणाले, "अंकुशला किती येळ लागंल? दुपार होऊ दे, सांज होऊ दे, आपण थांबू."

तिथं विमानात बसलेला कुणीच नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. अन् मी बोललो. "दोन दिवस."

उन्हाळ्याचे दिवस. दोन दिवस कोण थांबणार? तिरडी बांधायला घेतली.

पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन मी मायभोवती फिरत होतो, तेव्हा खिशातला फोन थरथरत होता. थांबायचा, परत सुरू व्हायचा. शेजारच्याला ऐकू गेलं तर — एवढीच धास्ती. घरी येऊन अंघोळ केली, मग उचलला. "दादा, मांजरसुंब्याला आलोय, तासाभरात पोचतो. उचलू नका."

मी सांगितलं, झालं सगळं. कावून थांबला न्हाईत, त्यानं विचारलं. मी म्हणालो, नाना ऐकेनात, विमानाला दोन दिवस लागतात म्हणाले. — हे दुसरं खोटं. हेच जास्त वाईट, नाही का?

अंकुश आला तो सरळ नानांवरच गेला. माझ्या मायचं तोंड बघू दिलं न्हाई, तुमच्या दारात परत पाय ठेवणार न्हाई, म्हणाला. सगळ्यांदेखत. नानांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, अन् मान खाली घातली. बोलले काहीच नाहीत — तेव्हाही नाही, नंतरही नाही. अन् ते बोलले नाहीत, म्हणून भावकीतही कुणी तोंड उघडलं नाही. त्यांच्या ओट्यासमोरून जाताना मी रोज झपाझप पावलं टाकायचो. आज बोलतील का? उद्या?

नानांना मूलबाळ नव्हतं. अंकुशला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. ह्या उन्हाळ्यात नाना गेले. अंकुशला फोन मीच लावला. तो म्हणाला, "नानांच्या हिशोबानं दोन दिवस लागतात ना विमानाला? मंग थांबू नका."

तेव्हा तरी सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. मी "बरं" म्हणालो अन् फोन ठेवला.

नानांनाही अग्नी मीच दिला.