मावशी आणि मलावीतले दिवे

जगाच्या पाठीवर कुठल्याही गावात विहीर आटली, कुठल्याही शाळेचं छप्पर उडालं, कुठल्याही दवाखान्यातली वीज गेली, तर त्याला जबाबदार इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमध्ये राहणारा आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगवर पोट भरणारा मीच आहे, हे ज्यांनी मला पुरतं पटवून दिलं त्या बाई म्हणजे माझ्या बायकोच्या मावशी. गावात सगळेच त्यांना मावशी म्हणतात. त्यांच्या क्लबातल्या इंग्रज मंडळींना तर ते त्यांचं पाळण्यातलं नावच वाटतं. कोटावरच्या बिल्ल्यावरही तेवढंच आहे. ऐंशी पार केलेला, लाल चेहऱ्याचा एखादा मेंबर ‘मॉऽशी, माय डिअर’ अशी हाक मारतो आणि पंच्याहत्तरीच्या या बाई, शेजारच्या पोराने साखर मागावी तशा चेहऱ्याने वळतात.

मावशींनी इथल्या हॉस्पिटलांत तीस-पस्तीस वर्षं बाळंतपणं केली. काका गेले, त्या रिटायर झाल्या, मुलगी एडिनबरात स्थिरावली. अशा वेळी बाकीच्या बायका बागेत गुलाब लावतात किंवा क्रूझवर जातात. मावशी गावातल्या एका सेवाभावी क्लबात शिरल्या. मेंबर चौदा. दर मंगळवारी दुपारी एका हॉटेलच्या मागच्या खोलीत जेवायचं आणि गावासाठी, जगासाठी काहीतरी करायचं, असा त्यांचा परिपाठ. मी बावन्नाव्या वर्षी तिथे ‘यूथ’ म्हणून दाखल झालो. त्याचं असं झालं, की मावशींचा फोन आला, “जावईबापू, मंगळवारी लंचला ये. फ्री आहे.” एरवी त्या मला अरे-तुरे करतात, ‘जावईबापू’ आलं की पुढे काम असतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. उकडलेले बटाटे, उकडलेले मटार आणि बहुधा उकडलेलाच मासा खाल्ला, मावशींनी पुढे केलेल्या कागदावर सही केली आणि मग कळलं, की फुकट होतं ते फक्त पहिलं जेवण.

मावशींना कुठलीही वस्तू नुसती वस्तू म्हणून दिसत नाही. आम्ही हौसेने नवा सोफा घेतला. मावशी त्यावर टेकल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, “छान आहे हं. एक हातपंप.” माझ्या गाडीकडे पाहून त्यांनी सुस्कारा सोडला, “अख्खी विहीर, मोटरसकट.” तेव्हापासून बायको खरेदीच्या पिशव्या आधी गॅरेजमध्ये ठेवते आणि मावशी गेल्या की घरात आणते. डेंटिस्टकडे, इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर असताना, नुसत्या हातवाऱ्यांनी मावशींनी त्याला क्लबाच्या मदतीसाठी ठेवलेल्या क्विझ नाइटची सहा तिकिटं खपवली आहेत. एकदा परदेशी पाठवायला जुने चष्मे गोळा करत होत्या. मीटिंगला आलेल्या, इथल्या चर्चच्या व्हिकरने आपला चष्मा पुसायला म्हणून टेबलावर ठेवला, तो थेट खोक्यात. व्हिकरला त्याचा परत मिळाला. माझा वाचायचा चष्मा मात्र सध्या बहुधा इथिओपियात वाचतो आहे.

सुपरमार्केटच्या दारात देणग्यांसाठी बादली घेऊन उभं राहणं हा या क्लबाचा मुख्य व्यायाम. माझ्यासमोरून कुणी गेलं की माझ्या तोंडून आपोआप ‘सॉरी’ निघायचं. दीड तासात माझ्या बादलीत काही सुटी नाणी, ट्रॉलीचं एक टोकन आणि एक बटण जमलं. मावशींची बादली त्यांना उचलवत नव्हती. त्यांनी माझ्या बादलीत डोकावून विचारलं, “तू बादली घेऊन उभा होतास, की बादली तुला घेऊन?”

अशा या मावशींना एक दिवस आफ्रिकेतल्या मलावीहून मेसेज आला. पाठवणारी सिस्टर पूर्वी इथे मावशींच्या वॉर्डात नर्स होती. आता ती आपल्या देशात, एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काम करत होती. तिथे वीज नव्हती. बाळंतपणाच्या खोलीत ती मोबाइलच्या उजेडात टाके घालत होती. मावशींनी मेसेज दोनदा वाचला आणि मला फोन केला, “जावईबापू!”

आमच्या क्लबाची पद्धत साधी. आम्ही जेवढं जमवू तेवढीच भर वरच्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे आसपासच्या सगळ्या क्लबांच्या मंडळाने घालायची, आणि काम नीट होतंय ना, ते त्या देशातल्या क्लबाने बघायचं. तिथे सोलरचे दिवे बसवायचा एकोणीस पानांचा अर्ज मी भरला, कारण मी आयटीतला. पण आधी आमच्या चौदा जणांनी हो म्हणायला हवं होतं, आणि आमचे खजिनदार नाही म्हणाले. ते एका बँकेचे निवृत्त मॅनेजर, सरळ माणूस. म्हणाले, “आपल्याच गावात फुकट शिध्यासाठी फूड बँकेपुढे रांग लागते. त्या रांगेत मला माझा जुना पोस्टमन दिसला. मलावी फार लांब आहे, मावशी.”

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त अवघड होतं. पुढच्या मंगळवारी मतदान ठरलं आणि बाजू मांडायचं काम मी मोठ्या उत्साहाने अंगावर घेतलं. बत्तीस स्लाइड्स केल्या. चाळीस मिनिटं बोललो. सूर्य, सोलर पॅनेल, बॅटरीचं आयुष्य, आफ्रिकेचा इतिहास, थोडा माझाही. विसाव्या मिनिटाला दोघे झोपले, तिसाव्याला एक बाई स्वेटर विणू लागल्या. मी बसल्यावर जोरात टाळ्या झाल्या. त्या मी बसलो म्हणून होत्या, हे मला घरी गेल्यावर बायकोने समजावून सांगितलं.

मग मावशी उठल्या. त्यांनी पडदे ओढायला सांगितले, दिवे घालवायला सांगितले आणि पर्समधून सुई-दोरा काढून खजिनदारांच्या हातात दिला. “या नॅपकिनला सहा टाके घाला. उजेड फोनचा.”

“पण फोन कोण धरणार?” खजिनदारांनी विचारलं.

“तुम्हीच. तिथे दुसरं कुणी नसतं. दातांत धरा.”

त्या सज्जन माणसाने खरोखर फोन दातांत धरला. उजेड कधी छतावर, कधी माझ्या डोळ्यांत, नॅपकिनवर कधीच नाही. दुसऱ्याच टाक्याला सुई बोटात गेली आणि फोन मटारांत पडला. कुणी हसलं नाही. मावशी अंधारातच म्हणाल्या, “नॅपकिन हलत नाही. रडतही नाही. आणि त्यातून रक्त वाहत नाही.”

पडदे उघडले तेव्हा खजिनदार बोट चोखत होते. म्हणाले, “असलेल्या पैशातला अर्धा फूड बँकेला. उरलेला अर्धा मलावीला, आणि कमी पडेल ते उन्हाळ्यापर्यंत नव्याने जमवायचं. कबूल?” सगळे हात वर गेले. मग माझ्याकडे वळून त्यांनी अत्यंत सभ्यपणे जोडलं, “आणि हे गृहस्थ दोन दिवस गप्प राहणार असतील, तर पहिला चेक माझा.”

थट्टाच होती ती. पण मावशींपुढे थट्टा करायची नसते. संध्याकाळपर्यंत माझ्या मौनाची जाहिरात गावभर झाली होती. शनिवार आणि रविवार, एक शब्दही नाही; बोललो नाही तर ज्याने त्याने कबूल केलेले पैसे मलावीच्या दिव्यांना. माझ्या ऑफिसातल्या माणसांनी, शेजाऱ्यांनी, माझ्या लेकीने तिच्या पगारातून, इतकंच काय, त्या डेंटिस्टनेसुद्धा पैसे लावले. बायकोने मावशींना विचारलं, “सोमवारपर्यंत वाढवता येईल का?” एवढ्या लोकांना माझ्या न बोलण्याची इतकी ओढ असेल, हे कळायला मला बावन्न वर्षं लागली.

शनिवार कसाबसा काढला. रविवारी दुपारी मावशी देखरेखीला आल्या. समोर बसल्या, शेंगा सोलू लागल्या आणि मधेच, मान वर न करता, बोलायला लागल्या.

“मी चोवीस वर्षांची होते. तालुक्याच्या दवाखान्यात पहिली नेमणूक. भर दुपारची वेळ, पण ती खोली म्हणजे पूर्वीचं कोठार, खिडकीच नाही. एक बाई आली होती, पहिलटकरीण. कळा चालू असताना मला म्हणते, ‘बाई, तुम्हाला किती पोरं?’ मी म्हटलं, माझं लग्नच नाही झालं अजून. तर म्हणाली, ‘मग तुम्हाला काय कळणार!’ आणि हसली. खूप हसली. बाळ झालं, आणि वीज गेली. रक्त कुठून येतंय तेच मला दिसेना. कंदील आणायला माणूस पळाला. कंदील आला, पण तोवर...” मावशींनी एक शेंग उघडली आणि दाणे भांड्यात टाकले. “तिची मुलगी वाचली.”

एरवी मी काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. ‘अहो, त्या काळी सोयीच नव्हत्या, तुमचा काय दोष’ असं काहीतरी म्हणून, वर स्वतःचा एखादा अनुभव सांगून, ती गोष्ट मोडून टाकली असती. वीस वर्षांत त्यांनी दहादा तरी सांगायला सुरुवात केली असेल आणि दहाही वेळा मी मधे तोंड घातलं असेल. त्या दिवशी मी फक्त भांडं त्यांच्या जवळ सरकवलं आणि उरलेल्या शेंगा सोलल्या.

पैसे जमले. दिवे पोचले. ऑगस्टमध्ये एका दुपारी, मावशींच्या किचनमध्ये, सिस्टरचा व्हिडिओ कॉल आला. नव्या रंगाची एक छोटी खोली, एक पलंग. तिने खिडकीला जाड कापड लावलं, सगळं काळं झालं, आणि मग बटण दाबलं. खोली लख्ख पांढरी.

“बंद कर,” मावशी इंग्रजीत म्हणाल्या. “आता लाव.” तिने लावला. “परत एकदा.” तिने हसत परत लावला.

दारावर पाटी लावायची आहे, कुणाचं नाव घालू, असं सिस्टरने विचारलं. मावशींनी क्लबाचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट, आणि फोन ठेवला. चष्मा काढून त्या तो पदराने पुसत राहिल्या, चांगला स्वच्छ झाल्यावरही.

“त्या पहिलटकरणीचं नाव काही केल्या आठवत नाही रे,” त्या म्हणाल्या. “केसपेपर मीच लिहिला होता. वय बावीस लिहिलेलं आठवतं. अक्षरसुद्धा आठवतं माझं. नाव तेवढं...”

बाहेर शेजाऱ्याने हिरवळ कापायचं मशीन सुरू केलं. मावशी उठल्या, दोघांपुरतं आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत तिथेच, ओट्याला हात टेकून, उभ्या राहिल्या.